हंगेरियन सिनेमा : कुठून सुरू करावा, काय बघावं, कुठे अडतं

पडदाप्रेमी :

हंगेरीच्या चित्रपटांबद्दल इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यांनी बोलणं झालंय. ते एका जागी यावं म्हणून हा धागा काढतोय.

"संथ आहे, काही घडतच नाही" हा शेरा वारंवार येतो, म्हणून आधी त्याबद्दल. या चित्रपटांत घडतं पुष्कळ. पण कोण कोणाच्या मुठीत आहे हे पात्रं बोलून दाखवत नाहीत, ते कॅमेऱ्याच्या चालीवरून ओळखावं लागतं. त्याला कारणही आहे. १९४८ मध्ये तिथला चित्रपटउद्योग सरकारने ताब्यात घेतला. १९५६चा उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडल्यावर यानोश कादारची राजवट आली आणि सांस्कृतिक कारभार द्यॉर्द्य आत्सेल याच्या हाती गेला. त्या काळात कलाकृतींचे तीन खाने होते : पाठिंबा दिलेल्या, खपवून घेतलेल्या आणि बंदी घातलेल्या. मधल्या खान्यात तरी टिकायचं असेल तर १९५६बद्दल उघड बोलायची सोय नव्हती. मग दिग्दर्शक शंभर वर्षं मागे गेले आणि तिथून बोलले.

बघायला बसण्याआधी काही तारखा हाताशी ठेवा. १८४८-४९ : हॅब्सबर्ग सत्तेविरुद्धची क्रांती आणि तिचा पराभव. १९१९ : बेला कुनचं १३३ दिवसांचं सोव्हिएत प्रजासत्ताक. मार्च १९४४ : जर्मन फौजांचा ताबा, आणि त्यानंतर मे ते जुलैमध्ये सव्वाचार लाखांहून जास्त ज्यू नागरिकांची रवानगी, बहुतेकांची आउशवित्झला. १९४९ : कम्युनिस्ट मंत्री लास्लो राइकवरचा बनावट खटला आणि फाशी. आणि १९५६. गाजलेले बहुतेक चित्रपट यांतल्या एखाद्या तारखेला बांधलेले आहेत. ती तारीख ठाऊक नसली की गोष्ट हवेत तरंगते, आणि मग "काही घडत नाही" असं वाटायला लागतं.

माझी पहिली शिफारस मिक्लोश यान्चोचा 'द राउंड-अप' (१९६६). १८४८च्या क्रांतीला वीस वर्षं लोटलीत. शांदोर रोझा या बंडखोराच्या टोळीतले लोक शोधायला सरकारी अधिकाऱ्यांनी सपाट माळावर एक कोट उभारून शेकडो माणसं कोंडली आहेत. मारझोड फारशी दिसत नाही. गायदोर नावाच्या कैद्याला सांगितलं जातं : तुझ्याहून जास्त खून केलेला माणूस दाखव, तू सुटलास. तिथून तो खबऱ्या होतो, आणि संपतोही. शेवटची चाल सगळ्यात क्रूर आहे. ती इथे फोडत नाही. एवढंच सांगतो की एक जाहीरनामा वाचला जातो, तो दोन भागांत आहे, आणि दोन भागांमधल्या त्या काही क्षणांत कैदी काय करतात याकडे डोळे लावून बसा.

हे १९५६नंतरच्या चौकश्यांबद्दल आहे हे तिथल्या प्रेक्षकाला सांगावं लागलं नाही. उलट, चित्रपटाचा ताज्या घटनांशी संबंध नाही असं यान्चोलाच जाहीर करावं लागलं होतं.

अक्षरधूळ :

धाग्याबद्दल आभार. पण पहिला चित्रपट म्हणून 'राउंड-अप' देऊ नका, असं मला ठामपणे वाटतं. नवा माणूस त्यात चेहरे ओळखण्यातच थकतो. सुरुवात पेतेर बाचोच्या 'द विटनेस'ने करावी. १९६९ मध्ये तयार झाला, प्रदर्शित व्हायला १९७९ उजाडलं. हंगेरीत त्यातली वाक्यं आजही रोजच्या बोलण्यात वापरतात.

नायक योझेफ पेलिकान, दान्यूबकाठचा बांधराखण्या. चोरून डुक्कर कापल्याबद्दल पकडला जातो. वरिष्ठ अधिकारी कॉम्रेड विराग त्याला शिक्षेऐवजी एकामागून एक पदं देतो : पोहण्याचा तलाव, मग जत्रेतली भुतांची गाडी, मग संत्री संशोधन संस्था. प्रत्येक ठिकाणी पेलिकान घोळ घालतो आणि प्रत्येक घोळानंतर वर चढतो. ही मेहेरबानी कशासाठी, ते शेवटी कळतं. त्याचा जुना मित्र आता मंत्री आहे आणि त्याच्याविरुद्ध खटल्यात साक्ष द्यायला एक भाबडा, प्रामाणिक चेहरा हवा आहे. राइकच्या खटल्याची सावली इथे स्वच्छ दिसते.

संत्र्याचा प्रसंग तर हंगेरीत म्हणीसारखा झालाय. पहिलंवहिलं देशी संत्रं समारंभाआधी कोणीतरी खाऊन टाकतं, मग पाहुण्यापुढे लिंबू ठेवतात आणि सांगतात, थोडं पिवळं आहे, थोडं आंबट आहे, पण आपलं आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'मद्यर नारांच' (म्हणजे 'हंगेरियन संत्रं') या नियतकालिकाने नाव इथूनच उचललं.

विनोद कळायला एकच पथ्य. उपशीर्षकं वाचताना विरागचा चेहरा सोडू नका. तो एकदाही आवाज चढवत नाही.

खिडकीपाशी :

दोन्ही यादीत टाकले. एक तांत्रिक प्रश्न आहे. यान्चो आणि तिथलाच दुसरा दिग्दर्शक बेला तार यांचे शॉट इतके लांब कसे? फिल्मच्या काळात रीळ संपत नसे का?

ट्रॉलीवाला :

संपत असे, आणि मर्यादा तीच होती. ३५ मिमी फिल्मच्या मोठ्या मॅगझीनमध्ये १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर फिल्म बसते. सेकंदाला २४ फ्रेम्सच्या वेगाने दीड फूट सरकते. म्हणजे ११ मिनिटं आणि काही सेकंद. सुरुवातीचं आणि शेवटचं थोडं वाया जातं, हातात दहाच्या आसपास उरतात. तारचा 'वेर्कमाइस्टर हार्मनीज' (२०००) ज्या शॉटने उघडतो, दारूड्यांना उभं करून सूर्यग्रहण समजावण्याचा, तो या मर्यादेला जवळजवळ टेकलेला आहे.

हिशेब करून पाहा. 'वेर्कमाइस्टर' १४५ मिनिटं, ३९ शॉट, सरासरी पावणेचार मिनिटं. तारचाच 'द ट्यूरिन हॉर्स' (२०११) सुमारे अडीच तास, ३० शॉट, सरासरी पाच मिनिटं. यान्चोचा 'इलेक्ट्रा, माय लव्ह' (१९७४) सुमारे ७० मिनिटं, १२ शॉट, जवळपास सहा मिनिटं. आकडे शेजारी शेजारी आले तरी दोघांची रीत पार वेगळी आहे.

यान्चोकडे कॅमेरा आणि माणसं दोन्ही सतत हलतात. ट्रॅकवरची ट्रॉली, पॅन (कॅमेरा जागेवरच बाजूला वळवणं) आणि झूम हे तिन्ही एकाच वेळी चालू असतात. झूमचं काम जवळ जाण्यापेक्षा जास्त हे की फ्रेममधून कोणाला वगळायचं ते ठरवणं. आवाज नंतर डब व्हायचा, त्यामुळे टेक चालू असताना यान्चो मोठ्याने सूचना देऊ शकायचा : तू वळ, घोडे आत घ्या, तू थांब. आवाज जागेवरच घ्यायचा असता तर असे शॉट याच पद्धतीने झाले नसते. 'द रेड अँड द व्हाइट'मध्ये (१९६७) त्याचा परिणाम बघा. एकाच शॉटमध्ये पकडणारा पकडला जातो, आणि कट नसल्यामुळे नेमक्या कुठल्या पावलावर सत्ता फिरली ते आपल्याला दिसतं. 'रेड साम'मध्ये (१९७२, कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक) शेतमजूर गोल करून नाचतात आणि बाहेरून घोडेस्वार फिरत राहतात. वारीतलं रिंगण ज्यांनी पाहिलंय त्यांना या वर्तुळांचा जोर लगेच कळेल. फरक हा की इथलं बाहेरचं वर्तुळ आवळत जातं.

तारकडे माणूस थांबला तरी कॅमेरा थांबत नाही, आणि उलटही. 'वेर्कमाइस्टर'मधला जमाव इस्पितळात शिरतो तो शॉट घ्या. तोडफोड, खोल्यांमागून खोल्या, आणि मग एक पडदा ओढल्यावर न्हाणीत उभा असलेला हाडकुळा नागवा म्हातारा. जमाव थबकतो आणि मागे फिरतो. मध्ये एक जरी कट असता तर ही माघार खोटी वाटली असती.

कोणाला सराव करायचा असेल तर असं करा. २० बाय २० मीटर मोकळी जागा, तीन माणसं, चार मिनिटं, संवाद शून्य. एक जण हुकूम देणारा, एक पाळणारा, एक बघणारा, आणि चार मिनिटांत या भूमिका दोनदा बदलल्या पाहिजेत. जमिनीवर फक्कीने प्रत्येकाच्या थांबण्याच्या जागा आखा. कॅमेऱ्याशिवाय निदान दहा तालमी घ्या. मग कॅमेरा, पण आधी फक्त पॅन, त्यानंतर चाल.

फसतं कुठे? पहिलं, माणसं खाली खुणांकडे बघतात, म्हणून खुणा तालमीपुरत्या ठेवून टेकआधी पुसा. दुसरं, पॅन १८० अंशांपलीकडे गेला की ट्रॅक किंवा मदतनीस दिसायला लागतात, तेव्हा मदतनिसांनी कॅमेऱ्याच्या पाठीशी चिकटून फिरायचं. तिसरं, दुपारी चारनंतर कॅमेऱ्याची लांब सावली फ्रेममध्ये येते. ढगाळ दिवस निवडा. यान्चो-तारच्या आकाशांत ऊन किती कमी आहे ते बघितलंत तर मुद्दा पटेल.

निळावंती :

उत्तम माहिती, ट्रॉलीवाला. पण धागा सगळा माळावर आणि घोड्यांवर चाललाय. हंगेरियन सिनेमाचा दुसरा अर्धा भाग बंद खोल्यांत आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो.

कारोय मक्कचा 'लव्ह' (१९७१) घ्या. साल १९५३. अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि तिची सून लुत्सा. मुलगा राजकीय कैदेत आहे, पण सून सासूला अमेरिकेहून आलेली म्हणून खोटी पत्रं वाचून दाखवते : तो तिकडे मोठा चित्रपट करतोय, सगळे त्याला मान देतात. म्हातारीला खरं कळलंय की नाही, हा प्रश्न शेवटपर्यंत उघडा राहतो. इथे लांब शॉट नाहीत. उलट मध्येच अर्ध्या-एक सेकंदाचे तुकडे येतात, जुने फोटो, घोडागाडी, एखादी वस्तू. हे म्हातारीच्या डोक्यात चाललेलं आहे. पहिल्या दहा मिनिटांत हे ध्यानात आलं नाही तर फ्लॅशबॅक समजून गोंधळ होतो. कोणती प्रतिमा कोणाच्या चेहऱ्यानंतर येते ते बघा, धागा लगेच सापडतो.

कथा तिबोर देरीच्या. तो १९५७ ते १९६० तुरुंगात होता. मुलाचं काम करणारा इवान दार्वाशही १९५६नंतर तुरुंगात गेलेला. शेवटच्या वीस मिनिटांत तो घरी येतो तेव्हा त्याचं चालणं, ट्रामकडे बघणं, किल्लीशी अडखळणं, यात अभिनयापलीकडचं काही आहे. कानला या चित्रपटाला ज्युरी पारितोषिक मिळालं.

दुसरं नाव मार्ता मेसारोश. 'अ‍ॅडॉप्शन'ला १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री दिग्दर्शक. कारखान्यात काम करणारी ४३ वर्षांची काता, तिचा विवाहित मित्र, तिला हवं असलेलं मूल, आणि शेजारच्या वसतिगृहातली आना. कॅमेरा चेहऱ्यांच्या आणि हातांच्या इतका जवळ आहे की लहान पडद्यावरही चित्रपट काही गमावत नाही. त्यानंतर 'डायरी फॉर माय चिल्ड्रेन' (१९८४). मेसारोशचे शिल्पकार वडील सोव्हिएत रशियात स्टालिनच्या शुद्धीकरणात बळी गेले. चित्रपटातली युली तशीच अनाथ होऊन हंगेरीत येते आणि पक्षात वजन असलेल्या माग्दाच्या घरी वाढते. यान नोवित्स्की हा एकच नट युलीचा वडील आणि हंगेरीत तिला जवळचा वाटणारा यानोश या दोन्ही भूमिका करतो. ते आधीच ठाऊक असू द्या, नाहीतर दुसऱ्यांदा तो दिसल्यावर कथा उलटीपालटी वाटते.

इल्दिको एन्येदीला विसरू नका. 'ऑन बॉडी अँड सोल' (२०१७, बर्लिनचं सुवर्ण अस्वल) बुडापेस्टच्या कत्तलखान्यात घडतो. तिथल्या दोन माणसांना रोज रात्री एकच स्वप्न पडतं, बर्फातल्या हरणांचं. कत्तलखान्याचे प्रसंग खरे आहेत, ज्यांना सहन होत नाही त्यांनी सुरुवातीची वीस मिनिटं सावध राहावं.

पडदाप्रेमी :

निळावंती, 'लव्ह' मी पहिल्याच प्रतिसादात घ्यायला हवा असं तुम्ही पटवून दिलंत.

इश्तवान सबोबद्दल थोडं. 'मेफिस्टो' (१९८१) हा परभाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा पहिला हंगेरियन चित्रपट. हेन्ड्रिक ह्योफगेन हा नट नाझी राजवटीत एकेक पायरी चढतो, प्रत्येक पायरीवर एकेक मित्र सोडून देतो, आणि स्वतःला बजावत राहतो की मी तर फक्त नट आहे. शेवटी रिकाम्या क्रीडागारात त्याच्यावर प्रखर झोत टाकले जातात. क्लाउस मारिया ब्रांडाउअरचा अभिनय बघताना त्याच्या हातांवर लक्ष ठेवा. रंगमंचावर ते मोकळे असतात, मोठ्या अधिकाऱ्यांपुढे चिकटलेले.

२००६ मध्ये एका साप्ताहिकात उघड झालं की १९५६च्या उठावानंतर विद्यार्थिदशेत सबोने गुप्त पोलिसांना अहवाल दिले होते. यावरून तिथे मोठा वाद झाला. माझ्या मते या माहितीने 'मेफिस्टो' लहान होत नाही. तडजोड आतून कशी दिसते हे इतक्या बारकाईने का आलंय, ते यातून समजतं. २०२१ मध्ये गोव्याच्या इफ्फीत सत्यजित राय जीवनगौरव पुरस्कार मार्टिन स्कोर्सेसीबरोबर सबोला दिला गेला होता.

रानवारा :

आता तारचा 'सातानतँगो' (१९९४). सव्वासात तासांचा म्हणून लोक बिचकतात. नीट आखणी केली तर तो 'राउंड-अप'पेक्षा सोपा आहे, कारण कथा साधी आहे. मोडकळीला आलेली सामुदायिक शेती, पावसाने चिखल झालेलं गाव, थोडे पैसे हाती आलेली माणसं, आणि मेला समजलेला इरिमियाश परत येतोय ही बातमी. तो गोड बोलून सगळं काढून घेतो. कादंबरी लास्लो क्रास्नाहोरकाईची, १९८५ची. २०२५चं साहित्याचं नोबेल त्यालाच.

एकूण १२ प्रकरणं आहेत, तँगोतल्या पावलांसारखी सहा पुढे, सहा मागे. विश्रांती तिसऱ्या आणि सहाव्या प्रकरणानंतर घ्या, अधेमधे नको. पहिल्या सहांत तेच दिवस वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा दिसतात. तिसऱ्या प्रकरणात म्हातारा डॉक्टर दारू संपली म्हणून पावसात बाहेर पडतो आणि त्याला गुत्त्याबाहेर एश्तिके ही मुलगी भेटते. पाचव्यात तीच रात्र एश्तिकेच्या बाजूने. ती खिडकीतून आतला नाच बघते. सहाव्यात तो नाच आतून, आणि खिडकीबाहेर तिचा चेहरा. मध्ये दोन दिवस गेले तर हे सांधे डोक्यातून निसटतात. एका रविवारी सकाळी दहाला बसून रात्री आठपर्यंत, दोन मोठ्या विश्रांती धरून, निवांत होतो.

पाचव्या प्रकरणात मांजरीचा छळ आहे. पशुवैद्य हजर होता आणि मांजर सुखरूप राहिली, असं तारने सांगितलंय. तरी ज्यांना त्रास होईल त्यांनी आधीच जाणून असावं.

एक व्यावहारिक गोष्ट. जुन्या युरोपीय डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेम्सने चालतात. २४चा चित्रपट २५ने चालवला की चार टक्के लवकर संपतो : ४३९ मिनिटांचा ४२१ होतो, आणि आवाजही वर चढतो. संगीतकार मिहाय वीगच्या अकॉर्डियनचं जडपण त्यात जातं. ४के (जास्त स्पष्टतेची) पुनरुज्जीवित प्रत मिळत असेल तर तीच घ्या.

साधा_प्रेक्षक :

घरच्या टीव्हीवर 'राउंड-अप' लावला तर माणसं विचित्र गुळगुळीत हलत होती, आणि बाजूचे लोक कापले गेल्यासारखे वाटले. प्रत खराब आहे का?

रानवारा :

दोन वेगळे दोष आहेत. गुळगुळीत हालचाल टीव्हीची आहे. सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग किंवा तत्सम नावाचा पर्याय पूर्ण बंद करा, पिक्चर मोड 'सिनेमा' ठेवा, शार्पनेस शून्याजवळ आणा. यान्चोच्या सावकाश पॅनमध्ये टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतः बनवतो आणि घोड्यांच्या पायांभोवती धूसर कडा दिसतात.

कापलेल्या बाजू प्रतीमुळे. 'राउंड-अप' आणि 'रेड अँड व्हाइट' रुंद पडद्यासाठी, २.३५ : १ प्रमाणात चित्रित आहेत. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. चौकोनी प्रतीत कडेला उभा असलेला पहारेकरीच गायब होतो, आणि या चित्रपटांत धोका नेहमी कडेवरून येतो. यान्चोचे सहा चित्रपट मूळ निगेटिव्हवरून ४के झाले आहेत, तेच शोधा. 'रेड साम' घेताना गाण्यांची उपशीर्षकं आहेत ना ते तपासा. अर्धी गोष्ट गाण्यांत आहे.

ट्रॉलीवाला :

प्रमाणावरून लास्लो नेमेशचा 'सन ऑफ साउल' (२०१५) आठवला. तो बरोबर उलट टोकाला आहे : १.३७ : १, जवळपास चौकोनी, ३५ मिमी फिल्म, आणि ४० मिमी लेन्स. छायाचित्रकार मात्याश एर्देय. नेमेशने तारकडे सहायक म्हणून काम केलेलं, लांब शॉट तिथून आला, पण वापर स्वतःचा. आउशवित्झच्या गॅस चेंबरमधली प्रेतं हलवायला लावलेल्या कैद्यांपैकी साउल एक. ऑक्टोबर १९४४, कैद्यांच्या उठावाची तयारी चाललीय, आणि साउलला एका मुलाच्या प्रेताला रीतसर मूठमाती द्यायची आहे.

चमूने स्वतःवर नियम घातले होते. चित्रपट सुंदर दिसता कामा नये, भयपटही होता कामा नये, आणि साउल जे बघू-ऐकू शकतो त्यापलीकडे जायचं नाही. म्हणून मागचं सगळं धूसर. समजण्यासाठी गणित : ४० मिमी लेन्स, एफ २.८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), माणूस १ मीटरवर, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे ९ सेंटिमीटरचा. डोकं किंचित पुढे झुकलं की फोकस गेला. चालत्या कॅमेऱ्यावर मिनिटामिनिटांचे शॉट असे धरायचे, म्हणजे फोकस पुलरने (फोकस सांभाळणाऱ्या सहायकाने) अभिनेत्याबरोबर श्वास घ्यायचा.

जे दिसत नाही ते तमाश झान्यीच्या ध्वनीत आहे : दारं, ओरडा, अनेक भाषांतले हुकूम. टीव्हीच्या स्पीकरवर यातलं निम्मं मरतं. हेडफोन लावा, नाइट मोड बंद ठेवा. तो मोड मोठे आवाज दाबून लहान आवाज वर आणतो, आणि जवळ-दूर हा भेदच पुसला जातो.

कापूसकोंड्या :

घरात मुलं असतील तर त्यांच्यासाठीही हंगेरीकडे खजिना आहे. पान्नोनिया स्टुडिओचं ॲनिमेशन. मार्त्सेल यांकोविचचा 'सन ऑफ द व्हाइट मेअर' (१९८१) : घोडीच्या पोटी जन्मलेला वीर, दगड चुरणारा आणि लोखंड मळणारा असे त्याचे भाऊ, पाताळातले तीन राक्षस. पहिला दगडाचा, दुसरा रणगाड्यांचा, तिसरा गगनचुंबी इमारतींचा. आकृत्यांना बाह्यरेषा नाही, रंग एकमेकांत वितळतात. रंग सतत लुकलुकतात, त्यामुळे अपस्माराचा त्रास असणाऱ्या मुलांना दाखवू नका. नऊ-दहा वर्षांच्या पुढे ठीक.

त्याहून लहानांना 'वुक' (१९८१), आत्तिला दार्गायचा, कोल्ह्याच्या पिल्लाची गोष्ट. आणि फेरेन्त्स रोफुसची 'द फ्लाय' (१९८०), तीन मिनिटांची, ऑस्कर मिळालेली. सगळं माशीच्या डोळ्यांनी, म्हणजे प्रत्येक फ्रेमला संपूर्ण पार्श्वभूमी नव्याने काढलेली. मुलांना शेवट आधी सांगू नका.